न कोरलेला गोळा

वाडीत, गोदामांच्या मागे, आमचं खरादीचं दुकान आहे. बाबा खरादावर लाकूड फिरवून पलंगाचे पाय, लाटणी आणि झोपाळ्यावर, म्हणजे आमच्या बंगईवर, बसवायचे कोरीव गोळे करतात. गोळा सगळ्यात कठीण. लाकूड एकदा उभं लावून फिरवायचं, मग आडवं, मग पुन्हा उभं. तरी तो खरंच गोल झाला की नाही, हे बाबा कधी ठरवत नसत. ते आई ठरवायची. डोळे मिटून उजवा तळवा फिरवायची आणि लाकूड जास्त राहिलं असेल तिथं थांबून म्हणायची, "इथं चढलं." बाबा हटकून भांडायचे, "तुलेच काहून सापडते वं?" पण आईनं पास केल्याशिवाय नक्षीसाठी पटाशी लागायची नाही.

मागच्या वर्षी आईला लकवा मारला आणि नेमका तोच हात गेला. डॉक्टर म्हणाले, हातात काही ना काही देत राहा, जाणीव येईलही. येईलही! मला त्या शब्दाचा फार राग आला.

बाबांनी शिसवाचा एक गोळा केला. रोज चहाआधी तो आईच्या तळव्यात ठेवायचे, वरून आपला हात धरून फिरवायचे. "सांग, कुठं चढलं?" काही कळत नाही म्हणून आई मान हलवायची. गोळा न कोरताच खिडकीत परत जायचा.

एकदा तो पुसताना माझ्या बोटाला चक्क उंचवटा लागला. बाबांचाही हात गेला की काय? त्यांना कळू नये म्हणून मी गुपचूप पॉलिशपेपर घेतला, तर मागून येऊन त्यांनी गोळाच हिसकावला.

"राहू दे बाई. मुद्दाम ठेवलं हाय. गोल गोळ्यात तुही माय काय शोधन?"

मी तोंड फिरवून रडले.

त्यानंतर दोन-तीन महिने तरी गेले असतील. एका सकाळी बाबांचा हात फिरता फिरता अडला. आईनं डोळे मिटले होते. तिचा अंगठा एका जागी थांबला, पुढे गेला, परत तिथंच आला.

"अजी," ती अडखळत म्हणाली, "इथं... चढलं."

जन्मभर या दोन शब्दांवरून भांडलेला माणूस घाईघाईनं म्हणाला, "चढलं नं! चढलंच हाय. माहीच चूक हाय."

चहा तसाच निवला. बाबांनी उंचवटा काढला, गोळा पुन्हा आईच्या हातात दिला, आणि तिनं होकार दिल्यावरच पाकळ्या कोरायला घेतल्या.