साडूंची बंदूक आणि उष्टी हळद

जालना जिल्ह्यातल्या समस्त चीजवस्तूंना अत्यंत गांभीर्यानं कळवण्यात येतं, की ज्यांना आपल्या शुद्धतेचा अभिमान टिकवायचा असेल, त्यांनी माझ्या साडूंच्या समोर येऊ नये. दूध असो, दागिना असो की मोसंबी, साडू तिच्यावर विश्वास ठेवत नाहीत. ते तिच्यावर उजेड टाकतात आणि मग उजेड काय म्हणतो ते ऐकतात.

साडू इथल्या एका लोखंडाच्या कारखान्यात प्रयोगशाळा सांभाळतात. भट्टीतला लालभडक रस पळीनं काढायचा, त्याची पेढ्याएवढी टिकली पाडायची आणि यंत्रावर ठेवून ठिणगी उडवायची, की त्या ठिणगीच्या उजेडावरून कार्बन किती, गंधक किती, सगळं पडद्यावर हजर. "माणूस तासभर बोलून खरं सांगत न्हाई, साडूभाऊ, अन् लोखंड एका ठिणगीत बोलून राह्यलं," ते म्हणतात. इथवर ठीक होतं. पण याच विद्येनं रक्त तपासतात, सोनं पारखतात, मोसंबी न कापता तिची गोडी सांगतात आणि दूरच्या ताऱ्यात काय आहे तेही ओळखतात, असं त्यांच्या वाचनात आलं आणि आमच्या घराण्याचं स्वास्थ्य गेलं. पुठ्ठ्याचा डबा, त्यात उजेडाचे रंग सुटे करायला सीडीचा तुकडा, असं एक यंत्र त्यांनी घरीच केलं. ते डोळ्याला लावून साडू रस्त्यावरचे दिवे बघत उभे राहतात. लोक वळसा घालून जातात. एकदा आमच्याकडं जेवायला आले असता पिठलं उतू गेलं आणि गॅसची ज्योत पिवळी झाली. बायको फडकं घेऊन धावली, तर हे डबा लावून ओरडले, "ताई, पुसू नका! सोडियमची रेघ काय झकास दिसून राह्यली!" पिठल्यात मीठ आहे, हा शोध आम्हाला चाखूनही लागला असता.

गेल्या उन्हाळ्यात त्यांच्या एकुलत्या एका लेकीचं लग्न होतं. मुलगा आष्टीचा, शेती चांगली, स्वभाव त्याहून चांगला. साडू मात्र लग्न ठरल्यापासून कुणाशी धड बोलत नव्हते. हळदीच्या सकाळी मालकाची परवानगी काढून ते कारखान्यातली भंगार तपासायची बंदूक घेऊनच मांडवात आले. वस्तूला लावून घोडा दाबला की आत कोणता धातू आहे ते सांगणारं हे यंत्र, पण दिसायला साक्षात पिस्तूल. नवऱ्या मुलाला लावून उरलेली उष्टी हळद घेऊन त्याची आजी दारात आली, आणि साडू गरजले, "थांबा! वाटी खाली ठेवा! सगळे मागं सरा!"

सनई थांबली. व्हिडिओवाला खुर्चीमागं बसला. मुलाच्या मामांनी तर दोन्ही हात वर केले.

"घाबरू नका, शिसं बघून राह्यलो," साडू म्हणाले. "रंग खुलावा म्हणून काही जण हळदीत शिशाचा रंग घालतात. माझ्या पोरीच्या अंगाला लागणार हे."

मामांचे हात खाली आले आणि आवाज वर गेला. "आमच्यावर इतका शक? मंग पोरगी कशाला देऊन राह्यले? चला रे, गाड्या काढा!"

हळदीच्या पाटावर बसलेली लेक रडायच्या बेताला आली. साडूंनी घोडा दाबला. पुन्हा दाबला. तिसऱ्यांदा दाबला.

"शिसं न्हाई," ते पुटपुटले.

"कुठून असंल?" आजी म्हणाली. "परसातली हळकुंडं हायेत. दोन दिस जात्यावर सोता दळली, खांदा अजून ठणकून राह्यला. लेकरू आमच्या घरी येणार, तिला काय बाजारातली लावू?"

मामांनी गाडीची किल्ली परत खिशात टाकली. पत्रिका वाटून झाल्या होत्या, पाहुणे आले होते, आचारी भात टाकू का म्हणून विचारून गेला होता. आणि त्या भरल्या मांडवात साडूंनी बंदूक खाली केली, आजीच्या खांद्याकडं पाहिलं आणि लग्नाला होकार जणू आत्ताच द्यायचा असल्यासारखे एकदम बोलून गेले, "मंग न्या पोरीला."