शनिवारचा संशयी ग्रुप

ऑटिस्टिक माणसाला लोक आयुष्यभर 'काही नाही रे, गंमत केली' असं सांगतात. मग प्रत्येक वाक्य उलटंपालटं करून बघायची सवयच लागते. असे संशयी लोक दर आठवड्याला एका खोलीत जमले की किस्से साठणारच! आमची खोली बेंगळुरूच्या कोरमंगलात. दर शनिवारी चित्रं, माती, गप्पा. थेरपिस्ट रेवती मॅडम.

*

मी मूळचा नागपूरचा, राहतो सर्जापूर रोडला. सॉफ्टवेअरमधल्या चुका शोधायच्या, हीच माझी नोकरी. पहिल्याच दिवशी मॅडम म्हणाल्या, "इथे तुम्हाला कुणी जोखणार नाही."

मी म्हटलं, "मग हातात पेन कशाला?"

मॅडमनी पेन पर्समध्ये टाकलं. मी तासभर पर्सकडे बघत बसलो!

*

श्रीपादअण्णा आमच्यात सगळ्यांत मोठे. मराठी घराणं, पण पिढ्यान्‌पिढ्या बेंगळुरूचं. एकदा मॅडम म्हणाल्या, "मातीतून आपला राग घडवा." अण्णांनी मिक्सर घडवला. भांडं, झाकण, वायर, सगळं हुबेहूब!

"अण्णा, ह्यात राग कुठाय?" मॅडमनी विचारलं.

"स्वल्प थांबा. पहाटे आमच्या वरच्या मजल्यावर चालू होतो, तेव्हा या!"

*

एका कंपनीचे साहेब फोटोग्राफर घेऊन आले. "यू पीपल आर सो गिफ्टेड!" म्हणाले.

पुण्याची मृणाल चारचौघांत बोलत नाही, फोनवर टाइप करून दाखवते. तिनं फोन पुढे धरला : 'गिफ्ट कुणी दिलं? बदलून मिळेल का?'

साहेब खो खो हसले. मृणाल उत्तराची वाट बघत उभी!

*

माझी आई आली होती. मॅडमना थेट विचारलं, "चित्रं काढून हा बरा होणार का?"

"काकू, तो आजारी नाहीये."

आईनं पिशवी उचलली. परतताना ऑटोत हळूच म्हणाली, "बाई चांगली आहे. पण लक्ष ठेव रे बाप्पा! इतकं गोड कोणी उगाच बोलत नसतं."

*

आणि हा परवाचा.

मृणाल आपलं चित्र कुणालाच दाखवत नाही. काढते, पालथं घालते, घरी नेते. 'लोक अर्थ लावतात,' असं तिचं म्हणणं. मॅडमनीही कधी मागितलं नाही.

परवा मॅडम उशिरा आल्या. डोळे सुजलेले. म्हणाल्या, "काही नाही, होसूर रोडला धूर फार होता."

अण्णा म्हणाले, "सरी, ठीक आहे. पण धुरानं आवाज कापत नाही."

मॅडम खुर्चीत बसल्या त्या बसल्याच. अशा वेळी काय करायचं असतं, आम्हाला कुणालाच ठाऊक नव्हतं. मी उठून पंखा कमी केला. तेवढंच सुचलं.

मृणाल उठली. आपलं चित्र मॅडमसमोर ठेवलं. सुलटं!

मॅडम बराच वेळ बघत राहिल्या. मग रडल्या. मग डोळे पुसत चक्क हसल्या.

मला माझ्या जागेवरून काहीच दिसेना. निघताना मृणालला जिन्यात गाठलं. "काय होतं गं चित्रात?"

तिनं मला वरपासून खालपर्यंत न्याहाळलं. टाइप केलं :

'तू का विचारतोयस?'