डंकावरची शिंक

गुरुवार, १८ एप्रिल २०२४. ऊन कडक. मिरच्या गच्चीत वाळत टाकल्या. अनुजाने टाकल्या, मी खालून सांगितले. गॅस आला. मोना फिजिओ सकाळी येऊन गेली. पालथे झोपून कोपरांवर उठण्याचा व्यायाम झाला. कळ डाव्या पोटरीपर्यंत. अमरसिंहचे म्हणणे, वर्षाची चटणी यंदा विकत आणू. उत्तर दिले नाही.

उत्तर दिलं नाही, हे संयोगिताबाईंनी खरंच लिहिलं होतं. फक्त आमटीची वाटी त्यांनी टेबलावर अशी आपटली, की लेकाने मान खाली घालून जेवण संपवलं. सरनोबतांच्या घरात विकतची चटणी! सासूबाई गेल्या त्या उन्हाळ्यात दिवसकार्य उरकल्यावर चटणी झाली होती. यजमान गेले त्या वर्षीही झाली होती. डोळ्यांतलं पाणी मिरचीचं की कशाचं, हे तेव्हा कुणी विचारलं नव्हतं. माणसं गेली तरी जी थांबली नाही, ती चटणी आता मणक्यांमधल्या दोन गाद्यांपायी थांबणार?

डॉक्टरांनी एमआरआयचा फोटो उजेडात धरून समजावलं होतं. दोन ठिकाणी मणक्यांच्या मधली गादी बाहेर फुगली आहे, ती पायाकडे जाणाऱ्या शिरेवर दाबते आहे. ऑपरेशनची गरज नाही. व्यायाम करा, वाकू नका, वजन उचलू नका, एका जागी फार वेळ बसू नका, आणि धीर धरा. हा शेवटचा शब्द ऐकला की संयोगिताबाईंचं डोकं फिरायचं. धीर धरून धरूनच दिवाळी गेली, संक्रांत गेली, पाडवा गेला.

आणि पाठ कुणाची, तर त्यांची! कॉन्व्हेंटमध्ये सिस्टर पट्टी घेऊन बाकांमधून फिरायच्या आणि पोक काढून बसलेल्या मुलींना संयोगिताकडे बघायला सांगायच्या. ती ताठ पाठ त्यांनी सत्तरी ओलांडेपर्यंत जपली. शेजारची ललिता जन्मभर विळ्यासारखी वाकून बसली, ती आजही आजऱ्याच्या तांदळाचं पोतं एकटी ओढते. न्याय म्हणून काही असतो की नाही?

बरं, हे दुखणं दिसतही नाही. हाताला प्लास्टर असतं तर लोकांनी दार तरी उघडून धरलं असतं. इथे जो तो म्हणणार, "अरे वा, तब्येत छान दिसतेय!" आणि मग सल्ले. कुणी तेल सांगितलं, कुणी तापवलेल्या वाळूची पुरचुंडी, कुणी रंकाळ्याला रोज फेरी. त्यातल्या त्यात मोनाचाच व्यायाम लागू पडत होता. कळ पावलापर्यंत जायची ती आता पोटरीत थांबायची. ती आणखी वर सरकून कमरेत आली की समजायचं, बरं होतंय, असं मोना म्हणायची. पण लगेच "शाब्बास आजी!" म्हणून टाळ्याही वाजवायची, आणि पालथ्या पडलेल्या संयोगिताबाईंना ती टाळी पाठीवर बसल्यासारखी वाटायची.

चटणीचं सुनेने, अनुजाने, गोडीनेच सांगितलं होतं. "आई, रविवारी बँकेला सुट्टी आहे. मी जाते डंकावर, आणते मिरची कुटून. तुम्ही काय काय घालायचं ते सांगा फक्त."

सांगा फक्त! डंकावर कुटायला टाकून निघून यायचं नसतं, आपल्या मिरचीपाशी उभं राहायचं असतं, हे काय सांगण्याची गोष्ट आहे? नजर हलली की आधीच्या बाईची उरलेली तिखटजाळ मिरची आपल्यात येते आणि आपली ब्याडगी पुढचीच्या डब्यात जाते. पण खरी गोष्ट वेगळीच होती, आणि ती संयोगिताबाईंनी वहीतही लिहिली नाही. यंदाची चटणी आपल्या नजरेखाली झाली, तर आपण अजून या घरात उभ्या आहोत. नाही झाली, तर इथून पुढे आपण फक्त झोपून सांगायचं.

म्हणून शनिवारी अनुजा बँकेत गेल्यावर त्यांनी रिक्षा बोलावली. अनुजाने आदल्या रात्री भाजून ठेवलेली मिरची, मसाला, खोबरं आणि तळलेल्या कांद्या-लसणाचे डबे रिक्षावाल्याने उचलून ठेवले. वाकू नका? वाकल्या नाहीत. उचलू नका? एक वाटीसुद्धा उचलली नाही. कमरेला पट्टा बांधला. मंगळवार पेठेतल्या अण्णासोच्या डंकावर नंबर येईपर्यंत बायकांनी स्टूल पुढे केलं, तेव्हा "मला बसायचं नाही," म्हणून त्या भिंतीला पाठ लावून उभ्या राहिल्या. आपण सगळे नियम पाळतो आहोत, या विचाराने त्यांना कित्येक महिन्यांत पहिल्यांदा जरा बरं वाटलं.

नंबर आला. लोखंडी मुसळं धाडधाड खाली येऊ लागली, लाल धुरळा उठला, आणि त्यांच्या नाकात हुळहुळलं.

शिंकू नका, असं कुणीच सांगितलं नव्हतं.

त्यांनी नाक दाबलं, श्वास धरला, डोळे मिटले. शिंक थांबली नाही. दाबून धरल्यामुळे दुप्पट जोराने आली. कमरेतून पायाच्या अंगठ्यापर्यंत वीज गेली. दाराची चौकट हातात सापडली म्हणून पडल्या नाहीत. पाठोपाठ दुसरी शिंक आली, तेव्हा त्या रिकाम्या पोत्यांवर आडव्या झाल्या.

"अगं बाई, काकी पडल्या! अण्णासो, बंद कर की ते!"

"उसण भरली वाटतं."

आतल्या खोलीतून अण्णासोची म्हातारी आई आली. तिला सगळी पेठ आक्का म्हणायची. तिने कमरेवर हात ठेवून पाहणी केली. "घाबरू नगा. मी पायाळू हाय. पायाकडनं जन्मले. तालमीतली पोरं उसण भरली की माझ्याकडंच येत्यात."

"लाथ मारणार?" संयोगिताबाईंनी जमिनीवरून विचारलं.

"मारत न्हाय, लावत्या."

"आक्का, ही उसण नव्हे. मणक्यातली गादी आहे."

"गादी असू दे न्हायतर उशी. पाय लागला की सुटतंय."

"लावून घ्या की काकी," रांगेतली एक म्हणाली. "फुकट हाय."

एरवी असल्या गोष्टींना संयोगिताबाई एका भुवईनेच हाकलून देत. पण शिंक आणखी येणारच होती, आणि दुखण्याने माणूस कुठल्याही दारात उभा राहतो. त्यांनी डोळे मिटून मान हलवली. आक्काने डावा पाय त्यांच्या कमरेला अलगद टेकवला, काढला, पुन्हा टेकवला. सगळ्या बायका श्वास रोखून बघत होत्या.

"सुटलं न्हवं?"

"नाही."

"आता माझ्या पाया पडायचं असतंय. त्याबिगर गुण येत न्हाय."

"अहो, वाकता आलं असतं तर लाथ कशाला घेतली असती?"

डंकावर हशा पिकला. संयोगिताबाईंनाही हसू फुटलं, आणि हसल्यावर शिंकेइतकीच कळ आली. आता हसायचंही नाही! संतापाने त्यांच्या डोळ्यांत पाणी आलं.

अण्णासोने फोन लावला. अनुजा बँकेचं ओळखपत्र गळ्यात तसंच ठेवून स्कूटरवरून आली. ती ओरडली असती तर बरं झालं असतं. तिने मोनाला फोनवर विचारून घेतलं, सासूला हळूहळू पालथं वळवलं, नाका-तोंडावर ओला रुमाल बांधला. मग स्वतःच्या तोंडाला ओढणी गुंडाळून ती डंकापाशी जाऊन उभी राहिली. "मिरची अर्धी कुटून झालीय. ही संपवूनच जाऊ. तोवर तुम्ही हलू नका."

पोत्यांवरून संयोगिताबाईंना फक्त अनुजाची सँडल दिसत होती. "खोबरं आधी!" त्या रुमालातून ओरडल्या. "लसूण शेवटी! ऐकतेस का? चाळण बारीक घे!" मुसळांच्या दणक्यात काहीच पोचत नव्हतं. सँडल इकडून तिकडे गेली, परत आली. अण्णासोने विचारलं, "वहिनी, मीठ बघा की पुरे का." आणि अनुजाने सांगितलं, "पुरे." त्यांना कुणी विचारलं नाही.

घरी येताना रिक्षाच्या मागच्या सीटवर त्या कुशीवर पडून होत्या. अण्णासोच्या ओळखीचा रिक्षावाला प्रत्येक खड्ड्याआधी सांगत होता, "मावशी, आला बघा." सांगितल्याने खड्डा चुकत नव्हता, एवढंच.

संध्याकाळी अनुजाने ताटलीत भाकरीचा तुकडा आणि त्यावर तेल घालून नवी चटणी आणली. संयोगिताबाईंनी पडल्यापडल्याच घास घेतला आणि चुका शोधल्या. एक सापडली.

"मीठ कमी आहे."

"तुमच्या बीपीमुळे कमीच घातलंय."

"बीपी माझं. अख्ख्या घराने अळणी खायचं?"

"वरून घेता येतं, आई. घातलेलं काढता येत नाही."

रंग चांगला उतरला होता. तो त्यांच्या वेळी यायचा तसाच होता; कदाचित किंचित उजवाच. हे त्या मेल्या तरी बोलल्या नसत्या. त्या भिंतीकडे बघत म्हणाल्या, "पुढच्या वर्षी लसूण शेवटी घाल."

बोलून गेल्यावर त्यांना कळलं, आपण काय बोललो. पुढच्या वर्षी. घाल.

अनुजा ताटली उचलत होती. "शेवटीच घातलाय. ऐकू येत होतं मला."

"मग 'हो' म्हणायला काय झालं होतं?"

"तोंड उघडलं असतं तर मीही शिंकले असते. मग दोघींना कुणी आणलं असतं?"

ती दिवा लावून गेली. संयोगिताबाई बराच वेळ चरफडत पडून राहिल्या. कुणावर, ते ठरेना. शेवटी त्यांनी पेन मागवलं, पोटाखाली उशी घेतली आणि तारीख घातली. डंक लिहिला नाही, आक्काचा पाय लिहिला नाही. एवढंच लिहिलं:

चटणी झाली. बरण्या माळ्यावर आहेत, म्हणून अनुजाने स्टीलच्या डब्यात भरली.