सारख्या मापाचे शुभेच्छुक
फ्लेक्सच्या ताज्या शाईचा वास आला की मला शिरपूरचं ते दुकान आठवतं, जिथे मी डिझाइनचं काम शिकले. जवळच्या गावातल्या एका कापूस व्यापाऱ्याच्या वाढदिवसाचा बॅनर दुपारपर्यंत तिथल्या चौकात लागायचा होता आणि त्याच्या खाली चाळीसेक शुभेच्छुकांचे चेहरे बसवायचे होते. आमच्याकडे चेहऱ्याच्या मापावरून मान ठरतो, त्यामुळे प्रत्येक बॅनरला रुसवेफुगवे ठरलेले. वेळ नव्हता, म्हणून फोटो आपोआप गोलात बसवणारा एक मॅक्रो मी नेटवरून उतरवला, सॉफ्टवेअरच्या फोल्डरात टाकला आणि सॉफ्टवेअर बंद करून पुन्हा उघडलं. वरच्या पट्टीत नवं बटण आलं होतं. ते दाबलं, तर सगळे चेहरे वाळत घातलेल्या पापडांसारखे ओळीत, एकाच मापाचे. तेवढ्यात व्यापाऱ्याचे थोरले काका, ज्यांना सगळे आबा म्हणत, बॅनर बघायला आले. चष्मा सावरत त्यांनी आधी स्वतःला शोधलं. "मना फोटो इतला धाकला कसा?" मी कॉम्प्युटरकडे बोट दाखवलं. "आबा, कॉम्प्युटरनं बसवलेत. त्याला लहानमोठं कळत नाही." आबांचं बोट पडद्यावरून हळूहळू सरकत एका चेहऱ्यापाशी थांबलं. "सरपंचना बी इतलाच शे ना?" "तेवढाच आहे, आबा." "मंग ऱ्हाऊ दे," ते म्हणाले आणि खुशीत सगळ्यांना चहा सांगितला. आता धुळ्यात माझं स्वतःचं दुकान आहे. त्या मॅक्रोत प्रत्येक फोटोचं माप वेगळं ठेवता येतं, हे मला दुसऱ्याच दिवशी कळलं होतं. पण गिऱ्हाईक विचारतं, तेव्हा मी अजूनही कॉम्प्युटरकडेच बोट दाखवते.