भाषणात राहून गेलेलं नाव

"देवाचे आभार, आन तुमचे बी."

सिस्टरचं हे वाक्य आमच्या दवाखान्यात दिवसभर ऐकू यायचं. बसमध्ये विसरलेली छत्री कंडक्टरनं खिडकीतून बाहेर दिली, की हे वाक्य. मी औषधाची पाकिटं हातात ठेवली, की हेच. एकदा दवाखान्याच्या पायरीवर बसलेली शेळी उठून बाजूला झाली, तर सिस्टर तिलाही तेवढ्याच गंभीरपणे म्हणाल्या, "देवाचे आभार, आन तुमचे बी."

सौंसरजवळच्या एका गावातल्या सरकारी दवाखान्यात त्या नर्स होत्या आणि मी औषधांच्या खिडकीत बसायची. सगळं गाव त्यांना नुसतं सिस्टर म्हणायचं. लग्न केलं नव्हतं. सौंसरला भाचीकडे राहायच्या आणि रोज बसनं यायच्या. वडील मिशनच्या दवाखान्यात स्वयंपाकी होते. आमच्या दवाखान्यात ख्रिस्ती म्हणाल तर त्या एकट्याच.

डॉक्टरांनी एकदा चिडवलं, "सिस्टर, दोघांचे आभार कशाला? एकाचे पुरेत की."

"देते तं देवच, साहेब," त्या म्हणाल्या, "पन आनून तं मानूसच देते ना."

विसराळूपणाची तर हद्द होती. चष्मा कपाळावर आणि शोध सगळ्या दवाखान्यात. स्वतःच गाळलेला चहा खिडकीत गार व्हायचा आणि दुपारी तक्रार, "आज चहाच नाही भेटला." एकदा जेवायला बसलो. त्यांनी डोळे मिटून मनोभावे प्रार्थना केली, डबा उघडला, तर आत कालचंच लोणचं. पोळ्या घरी राहिल्या होत्या. "लोनच्याची बी झाली प्रार्थना," म्हणत हसल्या आणि माझ्या डब्यातली वांग्याची भाजी पुढे ओढली. पण लसीच्या दिवशी कोणत्या घरातल्या कोणत्या लेकराचा डोस राहिला, हे कागद न बघता सांगायच्या. म्हणून आम्ही समजायचो, महत्त्वाचं ते सिस्टर विसरत नाहीत.

त्या रिटायर झाल्या तेव्हा संत्र्यांचा हंगाम होता. शनिवारी दवाखान्याच्या आवारात निरोपाचा कार्यक्रम झाला. गजानन हार घेऊन उभा राहिला. गावातला मोठा बागायतदार, वय चाळिशीच्या आसपास. तो जन्मला तेव्हा रडलाच नव्हता, निळा पडला होता, आणि नव्यानं आलेल्या सिस्टरनं त्याला वाचवलं, ही गोष्ट गावात सगळ्यांना पाठ होती. "मी आज तुमच्यापुढे उभा हावो, तो सिस्टरमुळं," तो म्हणाला.

मग सिस्टर बोलल्या. देवाचे आभार मानले, डॉक्टरांचे, माझे, झाडलोट करणाऱ्या ताईंचे, बसच्या कंडक्टरचे. उन्हाळाभर गार पाणी दिलं म्हणून कोपऱ्यातल्या माठाचेही मानले. लोक हसले, टाळ्या वाजल्या.

दाराजवळ कौशीबाई बसल्या होत्या, गावच्या जुन्या दाई. टाळ्या थांबायच्या आत त्या काठी टेकत उठल्या आणि निघून गेल्या. मला वाटलं, बसून बसून गुडघे दुखले असतील.

दुसऱ्या दिवशी सकाळीच सिस्टर माझ्या दारात उभ्या. रविवार होता.

"आज चर्चला नाही गेलात?" मी विचारलं.

"कोणत्या तोंडानं जाऊ? पयले कौशीबाईकडे जाच लागते. तू चाल संगं. एकटीच्यानं होनार नाही माह्या."

वाटेत त्यांनी सांगितलं.

"गजाननले मी नाही वाचवलं. बावीस वर्साची होती मी, नवीनच आलती. लेकरू रडे ना, तं शिकलेलं समदं डोक्यातून उडून गेलं. हात गार पडले. कौशीबाईनं लेकरू माह्या हातातून घेतलं, तोंड साफ केलं, पाठ चोळली, तवा ते रडलं. आन बाहेर जाऊन त्याच म्हनाल्या, नर्सबाईनं वाचवलं."

"मग तुम्ही?"

"मी चूप. पयले लाज वाटली म्हून. मंग लोक मान देऊ लागले म्हून." त्या चालता चालता थांबल्या. "छत्री इसरते ना मी, ते खरं इसरनं. हे तसं नव्हतं. हे इसरून राहनं मले बरं पडत होतं."

त्या एका गोष्टीमुळे गावानं सिस्टरवर विश्वास ठेवला होता, आणि पुढे पुढे बाळंतपणाला कौशीबाईंना कोणी बोलवेनासं झालं होतं.

कौशीबाई अंगणात तूर पाखडत होत्या. त्यांनी मान वर केली नाही.

"मावशी, काल तुमचं नाव नाही घेतलं मी," सिस्टर म्हणाल्या.

"मले ऐकू येते अजून."

"काल नाही, कवाच नाही घेतलं. माफ करा मले."

सूप थांबलं. कौशीबाईंनी पदरानं तोंड पुसलं. "त्या दिवशी म्या समजूनच तुयं नाव सांगतलं होतं. पोरगी नवी हाये, लोकायनं इश्वास नाही ठेवला तं चालली जाईन, मंग आमच्या बायायले कोन? त्याचं काही नाही मले. पन माठाचं नाव घेतलं ना तू काल..." त्यांनी सूप पुन्हा उचललं.

सिस्टर तिथंच मातीत बसल्या आणि रडल्या. मग डोळे पुसून मला म्हणाल्या, "जा, गजाननले बलाव. शेजारचेबी येऊ दे."

माणसं जमली. सिस्टरनं सगळं सांगितलं, काही झाकलं नाही. गजानन पुढे आला आणि वाकून कौशीबाईंच्या पाया पडला.

"ऊठ बावा," कौशीबाई म्हणाल्या, "इतका जाडा झाला, वाकता बी येत नाही तुले."

सगळे हसले. सिस्टरनं विचारलं, "मावशी, प्रार्थना करू काय?"

"कर. पन जामसावळीच्या मारुतीले वाईट नको वाटू देऊ."

त्यानंतर दर शुक्रवारी सिस्टर सौंसरहून बसनं यायच्या, कौशीबाईंच्या गुडघ्यांना तेल चोळायच्या. दोघी फारसं बोलायच्या नाहीत. कौशीबाई उलट करवादायच्या, "लई गरम केलं व तेल!" असं पाच वर्षं चाललं.

मागच्या थंडीत सिस्टर न्युमोनियानं गेल्या, आठच दिवसांत. मी कौशीबाईंना घेऊन बसनं सौंसरला दफनाला गेले. कब्रस्तानाच्या भिंतीपलीकडे कापसाची वेचणी चालू होती. पास्टरांनी प्रार्थना केली, लोकांनी मूठ मूठ माती टाकली, फुलं ठेवली आणि हळूहळू पांगले. कौशीबाई हलेनात.

"दर शुकरवारी येत होती," त्या मला म्हणाल्या. "एका खेपेलाबी म्हटलं नाही म्या, बरं झालं माय आली तू. आता कोनाले सांगू?"

"इथंच सांगा," मी म्हणाले.

माझा हात धरून त्या कशाबशा खाली बसल्या आणि ओल्या मातीकडे वाकून हळू आवाजात बोलू लागल्या. मी चार पावलं मागं सरले. त्यांचं बोलणं पुष्कळ वेळ चाललं. आमची बस निघून गेली असेल, हे मला कळत होतं. मी हाक मारली नाही.