नव्या शेगडीचा हेवा

मुलांनो, तिकडच्या थंडीत तुमच्या घरी लाकडावर पेटणारी नवी शेगडी आली, याचा मला निव्वळ आनंद व्हायला हवा होता. काळी, ठेंगणी, पुढे काचेचं दार आणि मागे थेट छपरातून बाहेर गेलेलं धुराडं. तुमच्या बाबाने ती बसवताना फोनवरून मला तिच्याखालची एकेक वीट दाखवली. "आधी हळदीकुंकू लावा, मग पेटवा," एवढंच मी म्हटलं, आणि तुमच्या आईने लावलंही.

तेव्हापासून रविवारी, कपाटावर ठेवलेल्या तुमच्या फोनमधून मला तुमच्या पाठी दिसतात. पूर्वी तुम्ही माझ्याकडे तोंड करून बसायचात, आता सगळे त्या शेगडीकडे. ईशा बोलता बोलता उठते, "थांब हं आजी, तिला लाकूड घालायचंय." माझ्या भुकेसाठी कुणी असं अर्ध्या वाक्यातून उठल्याचं मला आठवत नाही. माणसं उबेभोवती जमतात, हे खरंच. फक्त ती ऊब आपलीच असावी, हा हट्ट या वयातही सुटत नाही.

काल निनादने विचारलं, "आजी, गप्प का? थंडी वाजतेय का तुला?" आणि फोन उचलून थेट काचेजवळ धरला. पडदाभर तांबूस ज्वाळा पसरल्या. इथे डोक्यावर पंखा फिरत होता, तरी मी दोन्ही तळवे पुढे केले.

"अरे, फोन तापेल!" तुमची आई ओरडली, आणि निनादने मला पुन्हा कपाटावर ठेवून दिलं.