सावंतकाकांची दोरी

भुताखेतांच्या गोष्टी कोणी सांगायला लागलं की मी उठून जाणारी. मंडीदीपच्या एका कारखान्यात मी क्वालिटीला आहे, मोजून बघितल्याशिवाय सही करत नाही. त्यामुळे हे लिहावं की नाही, यातच वर्ष गेलं...

भोपाळच्या मुलीचं आणि समुद्राचं काय नातं, असं सगळे विचारतात. पण इथल्या मोठ्या तलावावर मी बाराव्या वर्षापासून शिडाची बोट चालवतेय. त्याच जोरावर एका लांब पल्ल्याच्या यॉट रेसमध्ये क्रू म्हणून माझी निवड झाली. बोटीवर आम्ही अकरा जण, त्यात मराठी दोघंच — मी आणि सावंतकाका. काका मालवणचे, मर्चंट नेव्हीतून रिटायर झालेले. माझ्या भोपाळी मराठीतलं "येऊन राहिले" ऐकून पोट धरून हसायचे.

केपटाऊन सुटलं की ऑस्ट्रेलियापर्यंत जमीन नाही. चार तास काम, चार तास झोप. एक उठला की त्याच्याच ओल्या, गरम बंकमध्ये दुसऱ्यानं शिरायचं. पाकिटातल्या भुकटीत गरम पाणी ओतलं की झालं जेवण. खाऱ्या पाण्यानं मनगटं फुटलेली. मोजे सुकावेत म्हणून पोटाशी धरून झोपायचो. आणि डेकवर पाय ठेवण्याआधी दोरी — तिची एक कडी आपल्या छातीच्या पट्ट्याला, दुसरी बोटीला. प्रत्येकाची दोरी वेगळी, वर मार्करनं नाव.

त्या दुपारी वारा फार वाढला. पुढचं शीड उतरवायला मी निघाले. काका मागे सुकाणूच्या चाकावर होते.

"कडी लागली का गो?"

"लागली, काका!"

"ओढून बघ."

मी ओढून दाखवली.

डोलकाठीपाशी पोचले आणि बाजूनं लाट आली. बोट आडवी झाली. पाण्याखाली काहीच दिसत नव्हतं, फक्त छातीला जबर हिसका बसला. बोट सरळ झाली तेव्हा मी रेलिंगच्या बाहेर लोंबकळत होते.

दोघांनी मला वर ओढलं. माझ्या दोरीची कडी उघडून वाकडी झाली होती. मला धरून ठेवलं होतं ते दुसऱ्याच एका दोरीनं. तिच्यावर लिहिलं होतं — सावंत. मी वळून मागे बघितलं.

चाकावर कोणीच नव्हतं.

अंधार पडेपर्यंत शोधलं. काका सापडले नाहीत.

कप्तान सारखा एकच सांगत होता, "लाट येईपर्यंत तो माझ्या शेजारी होता. त्याची कडी मी स्वतः बघितली." बोटीवरच्या मागच्या कॅमेऱ्यातही तेच आहे. काका चाकावर, दोरी छातीला. मग नऊ सेकंद नुसतं पाणी. मग रिकामं चाक. चाकापासून डोलकाठी चौदा पावलं. आणि माझ्या पट्ट्यात अडकवलेल्या काकांच्या कडीचं लॉक नीट फिरवून बंद केलेलं होतं... त्याला दोन्ही हात लागतात, तेही हातमोजे काढून. चौकशीच्या कागदावर 'कारण अस्पष्ट' एवढंच आलं.

भोपाळला परत आल्यावर एकदा आईबरोबर बिट्टन मार्केटमध्ये भाजी घेत होते, तेव्हा मालवणहून काकूंचा फोन आला. आधी त्यांनी माझी तब्येत विचारली. मग म्हणाल्या, "खरं सांग हां बाळा. त्यांनी तुला बांधलं, की तू त्यांची काढून घेतलीस?"

"काकू, मी पुढे होते, ते मागे... मला नाही हो माहीत."

 काकू "बरं" म्हणाल्या आणि फोन ठेवला.

आईनं माझ्या हातातली पिशवी घेतली. "घरी चल. रडू नको इथे, लोग देख रहे हैं।"

त्यानंतर तीनदा फोन केला, त्यांनी उचलला नाही. शेवटी कॅमेऱ्यातला तो व्हिडिओ पाठवला. बघितल्याची खूण आली, उत्तर नाही. त्या नऊ सेकंदांत काय झालं हे मला आजही सांगता येत नाही, आणि काकूंना देण्यासारखं दुसरं काही माझ्याकडे नाही.